साउरोचा मोकळा हात

१

दुपारचं जेवण आटोपलं की आमच्या गावात खिडक्यांच्या झडपा ओढल्या जातात आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तेवढ्या वेळात मी भांडी घासते, ओटा पुसते, कॉफीचं मोका भांडं गॅसवर ठेवते. कॉफी वर येईपर्यंत जपमाळेतले थोडे मणी सरकतात. मग कप घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरायच्या. तिथे साउरोचं टेबल, साउरोचे दिवे, साउरोची पाठ. लग्न झाल्यापासूनचा हा क्रम.

आमची मुलगी लोरेत्ता गेली आणि तो क्रम मोडला. दोन वर्षं साउरो त्या पायऱ्यांकडे फिरकला नाही. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी ताट वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही.

लोरेत्ता नवसाची. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या टेकडीवर लोरेतोच्या मातेच्या चर्चचा घुमट दिसतो. त्या घुमटाला हात जोडून जोडून ती झाली, म्हणून नावही तिचंच ठेवलं. विसाव्या वर्षी, गावच्या चर्चच्या जत्रेत, मंडपात गिटार वाजवताना ती गेली. डावा हात तारांवर होता आणि गाण्यासाठी ती मायक्रोफोनशी वाकली, एवढंच. तिच्या अँपमधला, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीतला, वीज साठवणारा एक कंडेन्सर आतून फुटला होता आणि वीज पत्र्यातून तारांत उतरली होती. तो अँप ती जन्मायच्या आधी साउरोनेच जोडला होता, टेकडीखालच्या कारखान्यात. कारखाना आता बंद आहे.

कारखान्यातल्या सगळ्यांना एक नियम पाठ असायचा. चालू यंत्रात एकच हात घालायचा, दुसरा पाठीमागे ठेवायचा. दोन्ही हात लागले तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून दुसऱ्या हाताला जाते. साउरो घरीसुद्धा तसंच काम करायचा, उजवा हात यंत्रात आणि डावा कमरेवर मागे. लोरेत्ता लहान होती तेव्हा त्याच्यामागे उभी राहून भुणभुण लावायची. "बाबा, मी काय करू?"

"तू हा हात धर. तो मोकळाच आहे."

मग ती तो हात धरून उभी राहायची, तासन्‌तास, शहाण्यासारखी. त्याने तिला तो नियमही शिकवला होता. पण गिटार एका हाताने वाजत नाही.

त्या वसंतात एका दुपारी साउरो जेवता जेवता म्हणाला, "तो दुरुस्त करायचाय."

"काय?"

"तिचा अँप."

मला भीती वाटायला हवी होती. पण दोन वर्षांनी हा माणूस आपणहून काही बोलला होता. मी उठून त्याच्या ताटात अजून थोडी भाजी वाढली.

२

फुटलेला कंडेन्सर लहान होता. तो कुठेही मिळतो. अडलं ते मोठ्या डब्यापाशी. अ‍ॅल्युमिनियमचा उभा डबा, सूपच्या वाटीएवढा, त्यात तीन कंडेन्सर एकत्र. तो वाळला होता आणि तसले डबे आता कोणी बनवत नाही. साउरोने बोलोन्याला फोन केले, मिलानला केले. तिकडून नवे जर्मन कंडेन्सर आले, अंगठ्याएवढे. त्याने ते उघडूनही पाहिले नाहीत.

एजिदिओ घरी आला होता. हा कारखान्याचा जुना भांडारपाल. कारखाना बुडाला तेव्हा मालकाने पगाराऐवजी याला कपाटं दिली, तीही भरलेली. ती त्याने कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन ठेवली आहेत आणि कोंबड्या खणांत अंडी घालतात.

"जर्मन बसव तीन, संपलं काम," तो म्हणाला. "जागा उरेल, तिथे बाटली ठेव."

"मला आपलाच हवा. आपल्या शिक्क्याचा."

"आपला म्हणजे मेलेला. तीस वर्षं खणात पडलेला कंडेन्सर म्हणजे खारवलेला मासा, साउरो. पाण्यात सोडला म्हणून पोहत नाही."

"हळूहळू वीज चढवली तर जागा होतो. तुला माहीत आहे."

"मला बरंच माहीत आहे. घरात कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा."

"जर्मन घातले तर तिचा आवाज येणार नाही," साउरो म्हणाला. एजिदिओची थट्टा तिथेच थांबली.

हरवलेलं सापडावं म्हणून आम्ही संत अन्तोनियोला साकडं घालतो. मी त्याची नऊ दिवसांची प्रार्थना धरली. दिवसभर फक्त पाव आणि पाणी, आणि प्रार्थना म्हणताना मध्ये अडखळायचं नाही. अडखळलं की वस्तू गेलीच समजायची. एजिदिओला कळलं तेव्हा तो हसला.

"संत अन्तोनियो किल्ल्या शोधतो, पाल्मी. चष्मे शोधतो. कंडेन्सर त्याच्या खात्यात येत नाही."

"तुझं खुराडं धुंडाळायला संतच लागेल. माणसाचं काम नाही ते."

मी एकदाही अडखळले नाही. प्रार्थना संपली त्या रविवारी, चर्च सुटल्यावर एजिदिओ दारात उभा. हातात मेणकागदात गुंडाळलेला डबा, वर कोंबडीची विष्ठा वाळलेली, पण आत शिक्का स्पष्ट. सोबत दोन अंडी.

"अंडी तुला," तो म्हणाला. "हे त्याला. आणि संताला सांग, माझी बायकोही जरा कमी बोलू दे."

साउरोने डबा दोन्ही हातांत घेतला आणि खाली गेला. मी ओट्याशी उभी राहून रडले. आनंदाने रडले, असं तेव्हा वाटलं.

३

असा कंडेन्सर एकदम पूर्ण विजेवर टाकत नाहीत. रोज थोडी वीज द्यायची, उद्या आणखी थोडी, की आतला सुकलेला थर पुन्हा धरतो. साउरोने मोठ्या चकतीचा ट्रान्सफॉर्मर काढला, डबा अँपमध्ये बसवला, आणि रोज दुपारी चकती केसभर पुढे सरकवू लागला. बाजूला मीटर. काटा हलतो न हलतो.

मी पुन्हा कॉफी घेऊन उतरू लागले. पायऱ्यांच्या वळणावरून त्याची पाठ दिसते. करडा कामाचा कोट, उजवा हात अँपमध्ये, डावा मागे.

पहिल्या दिवशी मला एवढंच जाणवलं की तो हात कमरेवर नाही. खाली लोंबत होता, गुडघ्याच्या जरा वर, आणि त्या बाजूचा खांदा थोडा झुकला होता. बोटं मिटलेली होती, पण मुठीसारखी नाही. मध्ये जागा ठेवून मिटलेली होती.

सवय, मी मनाशी म्हटलं. इतकी वर्षं त्या हाताला कोणीतरी धरलं होतं. शरीर विसरत नाही.

मी कप टेबलावर ठेवला. त्याचा अंगठा हलत होता. हळू, पुढे मागे, जसं लहान मुलाच्या बोटांवरून फिरवतात तसा.

"हात दुखतो का?" मी विचारलं.

"कुठला?"

"डावा."

"तो मोकळा आहे," साउरो म्हणाला आणि कॉफी एका घोटात प्यायला.

४

तो सुधारत होता, हे नाकारून चालायचं नाही. दाढी करू लागला. रविवारी विंचिस्ग्रासी कर म्हणाला, आणि थरावर थर लावलेलं ते ताट दोनदा मागून खाल्लं. चर्चच्या पायऱ्यांवर बायका माझा हात दाबायच्या. "पाल्मीना, तुझ्या उपासांचं फळ," असं म्हणायच्या. मीही तसंच म्हणत होते. गळ्यातलं पदक ओठांना लावत होते.

पण दुपारी मी जिना उतरायची तेव्हा तो हात रोज थोडा वर असायचा. आधी गुडघ्याजवळ, मग मांडीच्या मध्यावर, मग नितंबाशी. खांद्याचा झोक कमी होत गेला. कोपर किंचित दुमडू लागलं. ट्रान्सफॉर्मरची चकती जशी पुढे जाई तसा तो हात वर येई. मी स्वतःला समजावलं की रोज तासन्‌तास उभं राहून माणूस हात कसाही धरतो. पण मी मूल वाढवलेली बाई आहे. मुलाचा हात धरून चालताना आपला हात कोणत्या वर्षी कुठे असतो, हे मला कोणी शिकवायला नको. सहा वर्षांची. नऊ. बारा.

त्याच्या बाहीच्या कफाचं बटण तुटलं होतं. रात्रीच्या जेवणाला तो पाव मोडत होता, तेव्हा डाव्या हाताच्या पाठीवर चार फिकट पट्टे दिसले, जवळजवळ, बारीक. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बाही खाली ओढली.

एकदा मी त्याला मीटरबद्दल विचारलं. वायर भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती, अँपला वीज नव्हती, तरी काटा वर होता.

"रिकामा केला तरी थोड्या वेळाने तो आपोआप जरासा भरतो," साउरो म्हणाला. "जुन्या कंडेन्सरला आठवण असते."

"एवढी?"

तो काट्याकडे पाहून हसला. बऱ्याच दिवसांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "काल कमी होती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी एजिदिओकडे गेले. तो खुराड्यात वाकून अंडी गोळा करत होता.

"साउरो बरा झाला म्हणून गावाने घंटा वाजवायचं बाकी आहे," तो म्हणाला, "आणि तुझं तोंड असं का? व्हिनेगर प्यालीस?"

"त्याचा हात वर चढतोय, एजिदिओ."

मी सगळं सांगितलं. तो उठून उभा राहिला. हातातलं अंडं त्याने परत खणात ठेवलं.

"सांधे असतील," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "पूर्ण वीज कधी देणार आहे?"

"बहुतेक या शुक्रवारी."

"तर तेव्हा तू तिथे राहा. आणि ऐक, मेन स्विच पाडला म्हणजे झालं असं समजू नकोस. वीज भिंतीतून गेली तरी त्या डब्यात राहते. माणूस मारण्याइतकी राहते. त्याचा दुसरा हात मागेच राहू दे. बाकी काही झालं तरी चालेल."

"आणि दुसरा हात कोणी धरलेला असेल तर?"

"पाल्मी," एजिदिओ म्हणाला, "घरी जा आणि तुझ्या संतांना सांभाळ."

५

शुक्रवारी माझा उपास. कॉफी त्याच्यापुरतीच केली. झडपा बंद होत्या, गल्लीत आवाज नव्हता, आणि तरी पहिल्या पायरीवरच मला गुणगुण ऐकू आली. अँपची. घरात ती नेहमी असायची, लोरेत्ता वाजवायला बसायच्या आधी, आतले काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत. दोन वर्षांत ती मी ऐकली नव्हती. मी वळणापर्यंत उतरले आणि थांबले.

साउरो पाठमोरा उभा. अँपच्या मागची फळी उघडी, व्हॉल्व्ह लाल. उजवा हात आत. डावा हात मागे, कोपरात वाकलेला, जिथे मोठ्या मुलीचा हात येतो तिथे.

आणि त्याच्या कोटावर, दोन खांद्यांच्या मध्ये, कापड आत दबलेलं होतं. एखादं माणूस थकून पुढच्याच्या पाठीवर कपाळ टेकतं, तेवढी जागा. ती जागा सुरकुतली, सैल झाली, पुन्हा दबली. श्वास चालला होता.

तिथे दुसरं काही नव्हतं. मी नीट पाहिलं, मी शपथेवर सांगेन. भिंत होती, खिळा होता, टांगलेली वायर होती.

"थांब गं, झालंच," साउरो म्हणाला. मला नाही. मान जराशी मागे वळवून, हळू. मग म्हणाला, "आता दोन्ही हात लागतील."

तो डावा हात पुढे आणू लागला. सावकाश, लाजऱ्या मुलीला पाहुण्यांसमोर आणतात तसा. कोटावरची दबलेली जागा त्याच्याबरोबर कडेला सरकली.

मेन स्विच जिन्याच्या तोंडाशी आहे. मी वर धावले आणि तो पाडला. कप हातातून गेला. खालचा दिवा विझला. झरोक्यातून उन्हाच्या पट्ट्या आल्या, तेवढ्या उजेडात मी उतरले. गुणगुण चालूच होती. व्हॉल्व्ह गरम असेपर्यंत, डब्यात वीज असेपर्यंत ती क्षणभर राहते, हे मला माहीत आहे. तो क्षण संपला तरी ती थांबली नाही. उलट वाढली, आणि त्यात एक तार हलकेच छेडल्यासारखी वाजली.

मी साउरोचा डावा हात मागून पकडला.

त्या हातात आधीच एक हात होता.

मला तो दिसला नाही. पण माझी बोटं त्याच्यावर पडली. गरम होता. उन्हात खेळून आलेल्या मुलीचा असतो तसा. बोटांची टोकं कडक होती, तारांनी घट्टे पडलेली, चारही. ते घट्टे मी किती वेळा तेलाने चोळलेत.

मी तिचं नाव घेतलं. गुणगुण तशीच राहिली.

मग ती बोटं माझी बोटं सोडवू लागली. राग नव्हता त्यात, घाईही नव्हती. आधी करंगळी उचलली, मग शेजारचं बोट, जसं बाजारात झग्याला लोंबणाऱ्या पोराची मूठ आपण सोडवतो. एकेक करून, समजुतीने. तिला तिचा बाप हवा होता. मी नको होते. इतक्या वर्षांचे उपास, इतक्या मेणबत्त्या, इतक्या वेळा चढलेली ती टेकडी, आणि ती माझ्याकडे आलीच नव्हती. ती त्याच्याकडे आली होती, ज्याने आयुष्यात एक प्रार्थना धड म्हटली नाही.

साउरोने मागे पाहिलं. "सोड, पाल्मी," तो म्हणाला. इतक्या मायेने त्याने माझं नाव लग्नाच्या वर्षानंतर घेतलं नव्हतं.

मी सोडलं नाही. दोन्ही हातांनी धरलं, टेबलाच्या पायाला पाय लावला आणि ओढलं. मधला हात मी झटकून टाकला. कडकन काहीतरी माझ्या दातांत वाजलं, निळा उजेड झाला, आणि साउरो माझ्या अंगावर कोसळला.

गुणगुण थांबली.

६

साउरो वाचला. डावा हात लुळा झाला आहे. मानेत नस दबली होती, असं डॉक्टर म्हणतात. बहुतेक बऱ्याच दिवसांपासून दबत आली असेल. त्यामुळे हाताला नसलेलं जाणवतं. मुंग्या येतात, ऊब वाटते, कोणी धरल्यासारखंही वाटतं. "हात आपोआप उचललाही जातो," ते म्हणाले. साउरो खिडकीकडे पाहत ऐकत होता.

एजिदिओने तळघरात जाऊन कंडेन्सर मोजला. "रिकामा आहे," तो वर येऊन म्हणाला. "अगदी जसा असायला हवा तसा." त्याने अँप गाडीत घातला. कुठे नेला ते मी विचारलं नाही.

गावात सगळे म्हणतात, संत अन्तोनियोने पाल्मीनाला नवरा परत दिला. मी मान हलवते. चर्चमध्ये संतासमोर मेणबत्ती लावते आणि त्याच्या तोंडाकडे पाहत नाही.

साउरो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसू लागला. मी जेवण कापून त्याच्यासमोर ठेवायची. उन्हाळा असाच गेला. मग एका दुपारी, मी ब्रोदोच्या सूपची वाटी ठेवत असताना, त्याने उजव्या हाताने माझं मनगट धरलं.

"तू तिथे होतीस," तो म्हणाला.

"होते."

"माझ्या हाताचं मला काही सांगता येत नाही. तेव्हाही खरं होतं की नाही, कोण जाणे. डॉक्टर म्हणतात ते ऐकलंस." त्याने मनगट सोडलं नाही. "तुझा हात लागला होता ना त्याला? खोटं बोलायचं नाही, पाल्मी. तू कधी खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला विचारतो."

मी वाटीकडे पाहत होते. वाफ येत होती.

"गरम होता की गार?"

तळघराला मी कुलूप घातलं होतं, पण किल्ली याच घरात होती. एजिदिओच्या खुराड्यात अजून खण भरलेले होते. आणि या माणसाचा उजवा हात शाबूत होता.

"गार होता," मी म्हटलं. "दगडासारखा."

त्याने डोळे मिटले. चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, आणि उतरून संपलं.

"मग ती नव्हती," तो म्हणाला. "तिचे हात भर जानेवारीतही गरम असायचे."

"हो," मी म्हटलं.

थोड्या वेळाने त्याने पाव घेतला, छातीशी दाबून एका हाताने मोडला, आणि अर्धा माझ्यापुढे केला. मी घेतला, आणि त्याच्यासमोर बसून खाल्ला.